त्रेचाळीस खोक्यांची यादी

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगते. मागच्या वेळी हे ऐकताना शेजारच्या हंसाबेनना असा ठसका लागला की अर्धा चहा आमच्या सोफ्यावर. आणि मधेच कोणी "पण मंगल, तू असं केलंसच कसं?" म्हणून विचारायचं नाही. मला माहीत असतं तर केलं असतं का?

तर, मी सुरतेत, पांडेसऱ्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. घरी एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यातलं विकतचं ऑफिसचं सॉफ्टवेअर उघडलं की वर लाल पट्टी यायची, मुदत संपली, मुदत संपली. आमच्या शाळेतल्या एक मॅडम म्हणाल्या, "ते काढून टाका आणि मुक्तवालं घ्या. जगभरचे लोक मिळून बनवतात आणि सगळ्यांना वापरायला मोकळं ठेवतात. एक रुपया लागत नाही."

एक रुपया लागत नाही म्हटल्यावर मी थांबणार आहे होय? त्याच संध्याकाळी उतरवून घेतलं. आणि उघडून बघते तर काय, सगळं मराठीत. "नवीन", "जतन करा", "क्रमवारी लावा". मला इतका आनंद झाला की मी आमच्या ह्यांना हाक मारून बोलावलं आणि नुसता मेनू वाचून दाखवला.

त्यानंतर मी जी सुटले ती सुटलेच. किराण्याची यादी, लोणच्याच्या बरण्या, कोणाकडे आपला कोणता डबा गेलाय, सगळं त्या चौकटींत. सोसायटीत भेटेल त्याला सांगायचे, "अजून विकतचं वापरता? अरेरे." हंसाबेन तर मला जिन्यात बघून लिफ्टने जायला लागल्या.

आणि अशात आमच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न ठरलं.

आता लग्न म्हणजे मानपान. तुम्हाला वेगळं सांगायला नको. कोणाला साडी, कोणाला शर्टपीस, कोणाला टोपी-उपरणं, कोणाची साडी कोणापेक्षा जराही कमी दिसता कामा नये. आमचं मूळ धुळ्याचं, त्यामुळे नातेवाईक भरपूर आणि प्रत्येकाची नजर तराजूची. घरच्याच माणसांचा आकडा त्रेचाळीसवर गेला.

पण ह्यांच्या डोक्यात त्या त्रेचाळिसांतलं एकच नाव होतं. रत्नाताई, ह्यांची मोठी बहीण, एकुलती एक. ताई सहा वर्षं आमच्या उंबऱ्याला शिवल्या नव्हत्या. का? तर माझ्यामुळे. आमच्या वास्तुशांतीला मी त्यांना साडी दिली होती. त्यांनी धुळ्याला जाऊन घडी मोडली, तर आतून चिठ्ठी पडली, "सौ. मंगल हिस सप्रेम". मला कोणीतरी दिलेली साडी मी चिठ्ठीसकट पुढे सरकवली होती. झालं. ताईंनी अख्ख्या धुळ्याला ती चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी सांगितलं म्हणून मला राग, मी दिली म्हणून त्यांना राग, आणि मधे हे.

हे तसे अबोल. हजीऱ्याला प्लांटमध्ये नोकरी, घरी आले की जेवण आणि बातम्या. पण लग्न ठरल्यावर दोनदा धुळ्याला जाऊन आले, बहिणीच्या हातापाया पडले, तेव्हा कुठे ताई यायला तयार झाल्या. परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, "मंगल, बाकी काही चुकलं तरी चालेल. ताईचा मान चुकवू नको. आता ती उठून गेली तर पुन्हा नाही यायची."

"अहो, चुकेल कसं? सगळं कॉम्प्युटरात आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर सांगतोय."

"तुमची डायरी घेऊन बसू का मग?"

त्यांनी बातम्या लावल्या. मी जिंकले असं मला वाटलं.

खरेदी रिंग रोडच्या मार्केटातून. दुकानदाराने सगळा आहेर सारख्याच पांढऱ्या खोक्यांत बांधून दिला, चिकटपट्टी लावून, आणि मी प्रत्येक खोक्याच्या बुडाला पेनाने नंबर घातला. घरी येऊन यादी केली. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात खोक्याचा नंबर, तिसऱ्यात आत काय आहे ते. आणि मग मी तिसरा रकाना लपवून टाकला. लपवता येतो बरं का, एका टिचकीत. कारण नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायला माझी जाऊ सुनीता येणार होती. कोणाला काय दिलंय हे सुनीताला दुपारी कळलं की संध्याकाळी नंदुरबारला कळतं.

सुनीता आली, खोक्यांच्या ढिगासमोर बसली आणि यादी बघून म्हणाली, "वहिनी, ही नावं तुम्ही आठवतील तशी लिहिलीत. शोधता शोधता माझी मान मोडेल. अआइईप्रमाणे लावून द्या ना."

"अगं, एवढंच ना? बघ आता गंमत."

मी नावांचा रकाना निवडला आणि क्रमवारी दाबलं. त्यावर त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरने मला थांबवून विचारलं. स्वच्छ मराठीत विचारलं हो. शेजारच्या रकान्यांतही मजकूर आहे, तोही सोबत घ्यायचा का, की फक्त निवडलेलाच हलवायचा? इंग्रजीत विचारलं असतं तर निदान सांगायला काही सबब तरी राहिली असती.

पण सुनीता खांद्यावरून बघत होती. मला वाटलं, शेजारचं सोबत घे म्हटलं की हा लपवलेला रकानाही बाहेर काढून दाखवेल. मी घाईघाईने दाबलं, फक्त निवडलेलंच.

आणि काय देखणी यादी झाली म्हणता. नावं अनिलभाऊंपासून सुरू, नंबर एकपासून त्रेचाळीसपर्यंत ओळीने. एकही आकडा इकडचा तिकडे नाही. अहो, तिथेच कळायला हवं होतं ना? नावं हलली तर त्यांच्याबरोबर नंबरही हलायला नकोत? पण मला मात्र उलट वाटलं, बघा किती शिस्तीचं सॉफ्टवेअर आहे. मी जतन केलं, छापलं, आणि सुनीताने एक-एक नाव कापून त्या-त्या नंबरावर चिकटवलं. दोघींनी मिळून चहा घेतला. मी तिलाही म्हटलं, "तू पण हेच टाकून घे गं कॉम्प्युटरात."

हळदीचा दिवस. सकाळी अकराची वेळ, सोसायटीचा हॉल, घरची सगळी माणसं खुर्च्यांवर. ताई पहिल्या रांगेत. आल्यापासून माझ्याशी दोनच वाक्यं बोलल्या होत्या, त्यातलं एक पंख्याबद्दल होतं. ह्यांनी ताईंच्या शेजारी उभं राहून मला डोळ्यांनीच सांगितलं, सांभाळून.

मी कुंकू लावत पुढे, सुनीता मागून खोके देत. आता चांगल्या घरी आहेर लगेच उघडत नाहीत. आमच्या घरी उघडतात.

पहिला खोका अनिलभाऊंचा, म्हणजे माझ्या भावाचा. त्याने झाकण काढलं आणि आतून गुलाबी साडी बाहेर आली. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "अरे, वहिनीचा खोका तुझ्याकडे आला असेल."

वहिनीने तिचा उघडला. शर्टपीस.

"बघ, म्हटलं ना," मी हसले. इथपर्यंत मी हसत होते.

मग चुलतसासऱ्यांनी, वय वर्षं ब्याऐंशी, टिकल्यांचा पदर उलगडून डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "उपरणं आहे का हे?" पल्लवीच्या कॉलेजातल्या चुलतबहिणीच्या मांडीवर पांढरी टोपी. दोन जावयांना हिरव्या साड्या, त्याही जोडीच्या. आणि हंसाबेन, ज्यांना मी मुद्दाम घरच्यांत धरलं होतं, त्यांना टोपी-उपरणं. त्या बिचाऱ्या टोपी डोक्यावर ठेवून सुनीताला विचारत होत्या, "तमारामां बैरांओने टोपी आपे?" म्हणजे, तुमच्यात बायकांना टोपी देतात का?

हॉलभर एकच कल्ला. कोणी हसतंय, कोणी खोका मागे लपवतंय, एक मावशी म्हणतेय, "मला साडी मिळाली आहे, मी काही बदलणार नाही." सुनीता माझ्या कानाशी, "वहिनी, मी यादीप्रमाणेच लावलंय हं. नंतर माझ्यावर ढकलू नका."

मी मोठ्याने म्हटलं, "ते सॉफ्टवेअर फुकटचं आहे ना, त्याने घोळ केला." बघा माझी निष्ठा. दोन महिने ज्याचे गोडवे गायले, त्याला दोन मिनिटांत विकलं.

आणि तेवढ्यात ह्यांचा आवाज आला, "ताई, तू उघड ना."

ताईंचा खोका त्यांच्या मांडीवर अजून बंद होता. मला वाटलं, धावत जाऊन हिसकावून घ्यावा. आतून टोपी निघाली तर? धोतर निघालं तर? सहा वर्षांपूर्वी चिठ्ठी, आता धोतर. ताई शांतपणे नखाने चिकटपट्टी सोडवत होत्या आणि हॉलमधली एकेक मान तिकडे वळत गेली, कारण ती वास्तुशांतीची चिठ्ठी सगळ्यांनाच पाठ होती.

झाकण निघालं. आत पैठणी. जांभळी, येवल्याची, हातमागाची, पदरावर मोर.

मागच्या रांगेतल्या बायका उठून बघायला लागल्या. मी मात्र कुंकवाची वाटी घट्ट धरली. कारण ती पैठणी माझी होती.

हो, माझी. आता तुमच्यापासून काय लपवायचं? सगळ्यांना रिंग रोडच्या साड्या, पण मुलीच्या लग्नात मी काय नेसणार? म्हणून माझ्या बहिणीकडून येवल्याहून गुपचूप मागवली होती. ह्यांनाही सांगितलं नव्हतं. तशाच पांढऱ्या खोक्यात घालून, यादीत माझंही नाव घालून, त्रेचाळिसांत बेमालूम बसवली होती. नाहीतर तिसरा रकाना कशाला लपवला असता मी?

ताईंनी पदरावरून हात फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. "काय वं मंगल," त्या म्हणाल्या, "माले? इतकी भारी?"

आमच्या ताई माहेरची भाषा बोलल्या म्हणजे आतून हलल्या. त्या उठल्या आणि भर हॉलमध्ये त्यांनी मला जवळ घेतलं. "मीच वाईट गं. एका चिठ्ठीवरून सहा वर्षं धरून बसले." त्या रडल्या, हे रडले, सुनीताही रडली. मीही रडले. फक्त माझं रडणं वेगळ्या कारणासाठी होतं.

बाकीचं मग आपोआप लागलं. पुरुषांनी साड्या दिल्या, बायकांनी शर्टपीस दिले, बायकांनी आपापसांत रंग बदलून घेतले. अर्ध्या तासात सगळे खूश. टेबलावर एकच उघडा खोका राहिला. त्यातली साडी प्रत्येक बाईने उचलून बघितली होती आणि प्रत्येकीने परत ठेवली होती. पोपटी रंग, त्यावर चंदेरी खडे, काठाला नारिंगी झालर. गठ्ठ्यातली. तीन वर्षं दुकानात पडून होती असं दुकानदार स्वतः म्हणाला होता.

"आणि मंगलला?" कोणीतरी विचारलं.

तेव्हा आमच्या अबोल नवऱ्याला वाचा फुटली. सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, माझ्या बायकोने सगळ्यांत भारी साडी माझ्या बहिणीला दिली. आणि स्वतःला काय राहिलं? जी कोणी घेतली नाही ती. उद्या कन्यादानाला ती हीच नेसेल. मला अभिमान आहे तिचा."

टाळ्या पडल्या हो. सुरतेत राहते मी. दहा मिनिटांवर अख्खं मार्केट, हव्या तितक्या साड्या. पण त्या टाळ्यांनंतर मी दुसरी साडी कोणत्या तोंडाने आणणार?

दुसऱ्या दिवशी मुलीची आई मांडवात पोपटी. खडे असे टोचत होते की मंगलाष्टकांच्या वेळी मी अक्षता कमी टाकल्या आणि खाजवलं जास्त. फोटोग्राफर दर वेळी म्हणायचा, "आंटी, थोडं मागे सरका, उजेड परततोय."

शेजारी ताई बसल्या होत्या, जांभळ्या पैठणीत, अशा दिसत होत्या की येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्यांच्याच पाया पडत होता. मधेच त्यांनी माझा पदर हातात घेतला, दोन बोटांत चोळून बघितला, आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"मंगल, एक विचारू? ही मुळात कोणाच्या नावाने घेतली होतीस गं?"

मी समोर बघत म्हटलं, "आठवत नाही, ताई."

"कोणी का असेना. पण तिच्यावर तुझा फारच राग दिसतो."

"होता," मी म्हटलं. "काल अकरा वाजेपर्यंत होता."

ताईंनी तो पोपटी पदर माझ्या खांद्यावर नीट बसवला, निघालेला एक खडा दाबून परत जागेवर लावला, आणि म्हणाल्या, "असू दे. तुला शोभते मात्र."