निधी थांबला त्या दिवशी

कुहीहून नागपूरला येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. वय चाळिशीचं, मांडीवर निळी शीतपेटी. दर दोन मिनिटांनी ती झाकण चाचपायची, मग घड्याळ बघायची.

"काय आहे यात?" मी विचारलं.

"गरोदर बायांच्या रक्ताचे नमुने, ताई. मलेरियाच्या संशोधनाचे. पण सकाळीच फोन आला, निधी बंद झाला म्हणून. आता हे लॅबवाले घेतीन का नाही, देव जाणे."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. गावातल्या एका गरोदर बाईला ताप भरला होता.

"घरी थांबू नको वं! आत्ताच दवाखान्यात जाय. मी उद्या येऊन राहिली."

तिनं फोन ठेवल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "पण काम तर बंद झालं ना?"

"निधी बंद झाला, ताई. तिले सातवा लागला आहे, तो थांबते का?"

मीही घड्याळ बघू लागले.

बस पुरती थांबायच्या आत ती उतरली. लॅबनं नमुने घेतले की नाही, मला कधीच कळलं नाही. शेवटची दिसली तेव्हा पेटी छातीशी धरून ती ऑटोत चढत होती, आणि फोनवर विचारत होती, "पोहोचली का वं दवाखान्यात?"