हीटेड डिबेट आणि गच्चीची किल्ली

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत सेक्रेटरींनी गच्चीला कुलूप ठोकायचं काढलं, तेव्हा माझ्या घरी कुरडयांचे गहू भिजत पडले होते. आमच्या खिडकीत ऊन येई ते हातरुमालाएवढं. गच्ची बंद झाली की सगळे गहू आंबून फुकट. म्हणजे भांडायला मलाच हवं होतं. आणि ही शहाणी भांडायला गेली कशाने? इंग्रजीने!

त्या वर्षी मी स्टेशनजवळच्या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला जायची. आमच्या बाई सांगत, इंग्रजी शब्द जोडीनेच पाठ करा, एकटे शोभत नाहीत. मला वादावादीच्या जोड्या फार आवडल्या. हीटेड डिबेट. बिटर डिस्प्यूट. पब्लिक आउटक्राय. पोळ्या लाटता लाटता मी घोकत बसायची.

नवरा म्हणाला, "अगं, कोणाशी भांडतेयस?"

"भांडत नाहीये, भांडणाचं वर्णन करतेय."

मीटिंग खाली पार्किंगमध्ये. मी कडक इस्त्रीची साडी नेसून उभी राहिले. "सर, देअर इज अ हीटेड डिबेट. आय स्ट्राँगली ऑब्जेक्ट. देअर विल बी अ पब्लिक आउटक्राय!" हे सगळं बाईंनी शिकवलेलं हसू तोंडावर ठेवून, आरती म्हणावी तशा सुरात. सेक्रेटरी खूश. त्यांनीही ऑफिसातलं ठेवणीतलं इंग्रजी काढलं, "मॅडम, आय फुली अ‍ॅप्रिशिएट युअर स्ट्राँग फीलिंग्ज."

मी म्हटलं, "थँक यू."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सकाळी गच्चीला कुलूप!

शेजारच्या मालवणी वहिनींनी जिन्यात गाठलं. "अगो, तू कुलपाच्या बाजून बोललंस मां? माका वाटला, तू तेंचो सत्कार करतंस!"

घरात गव्हाचा वास सुटला होता. पदर खोचला, टोप उचलला आणि सेक्रेटरींच्या दारात नेऊन आदळला.

"किल्ली द्या. नाहीतर हे गहू इथेच आंबवते. घ्या वास!"

दारं धडाधड उघडली. मागून वहिनी ओरडल्या, "आमचे पापड पण हाडू काय हंय?" वरच्या मजल्यावरच्या आजी तर सांडग्यांचं ताट घेऊनच उतरल्या. सेक्रेटरींनी एका हाताने नाक दाबलं, दुसऱ्याने किल्ली पुढे केली.

"अहो मॅडम, हे मीटिंगमध्ये नाही का बोलायचं?"

"बोलले ना! तुम्ही अ‍ॅप्रिशिएट केलंत."