खांबेट्यांचे सीलबंद बाण

श्रीनिवास खांबेट्यांचा या जगात एकाच वस्तूवर विश्वास होता, ती म्हणजे त्यांचा वजनकाटा. आणि त्याच्यावरही डोळे झाकून नाही. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी ते काट्यावर एक ठरावीक पितळी वजन ठेवत आणि त्याची उलटतपासणी घेत. काटा बिचारा दर वेळी निर्दोष सुटायचा.

जुरोंग ईस्टच्या एका कंपनीत ते इंटर्नल ऑडिटर होते. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातली खोट शोधायची, ही नोकरी. पण काही लोकांची नोकरी ऑफिसातच राहते, यांची एमआरटीच्या लोकलमध्ये बसून क्लेमेंटीतल्या घरापर्यंत यायची. लिफ्टमध्ये कोणी हसून ‘गुड इव्हनिंग’ म्हणालं, तर याला आपल्याकडून काय हवं असेल, हाच विचार तळमजल्यापासून त्यांच्या दारापर्यंत पुरायचा. घरात भाजी अळणी झाली तर ती नुसती अळणी नसे, तिची कारणं शोधली जात. त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई हे सगळं वीस-बावीस वर्षं हसून चालवून घेत होत्या. चालवून घेण्याचंही एक कौशल्य असतं आणि त्यात त्या पारंगत होत्या.

बाणांचा नाद खांबेट्यांना या संशयातूनच लागला. ऑफिसने सगळ्यांना एकदा तिरंदाजीच्या क्लबात नेलं होतं. यांचा बाण सारखा डावीकडे जायला लागला. शिकवणारा म्हणाला, तुमचा हात हलतो. दुसरा कोणी असता तर ओशाळून हसला असता. खांबेट्यांनी तो बाण मागून घेतला, घरी नेला, काचेवर फिरवून पाहिला आणि पुढच्या आठवड्यात परत नेऊन दाखवला, की हात नाही, बाण वाकडा आहे. आणि तो खरंच वाकडा होता! त्या दिवशी त्यांना जो आनंद झाला, तो लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता, असं सुनेत्राबाईंचं म्हणणं.

तेव्हापासून ते स्वतः बाण बनवायला लागले. इथल्या बऱ्याच फ्लॅटांत असते तशी त्यांच्याकडेही जाड लोखंडी दाराची बॉम्ब शेल्टरची खोली होती. शेजारीपाजारी तिच्यात जुन्या सुटकेसी आणि तांदळाची पोती कोंबत, खांबेट्यांनी तिथे कारखाना थाटला. कार्बनच्या पोकळ काळ्या कांड्या मागवायच्या, मापात कापायच्या, टोकं घासून सपाट करायची. पुढच्या टोकात आटे पाडलेली धातूची नळी चिकटवायची, तिच्यात पातं स्क्रूसारखं बसतं. मागे तीन पिसं लावायची आणि अगदी शेवटी नॉक, म्हणजे धनुष्याच्या दोरीवर बसणारं खाचेचं प्लास्टिकचं टोपण. डझनभर बाण वजनाला एकसारखे भरेपर्यंत खांबेट्यांना चैन पडत नसे. मग क्लबात जाऊन चौकटीत ताणलेल्या कागदातून बाण मारायचा. कागदाला गोल भोक आणि पिसांच्या तीन बारीक चिरा पडल्या, तर बाण सरळ चालला. लांब फाटलं, तर शेपूट हलवत गेला. मग नॉक किंचित फिरवायचं आणि पुन्हा मारायचा.

हे बाण जायचे टेरेन्सकडे. टेरेन्स क्लबातला जुना सभासद. दर नोव्हेंबरात मेहुण्याच्या शेतावर, न्यूझीलंडला, रानडुकरांच्या शिकारीला जायचा. त्याला खरी हौस क्रॉसबोची, म्हणजे बंदुकीसारखा घोडा दाबून सोडायच्या धनुष्याची, पण ते इथे असं घरी ठेवता येत नाही. म्हणून ज्याचा सराव इथे करता येतो, ते दोन टोकांना चाकं असलेलं धनुष्यच तो घेऊन जाई. त्याचं एकच सांगणं असे, जनावर एका बाणात जायला हवं. जखमी होऊन झाडीत पळालं, तर टेरेन्सला दोन दिवस जेवण जात नसे. सुनेत्राबाईंना शिकार मुळीच पसंत नव्हती, पण टेरेन्सचं हे वाक्य त्यांना आवडायचं.

आणि होता अश्विन मोघे. पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहायचा, नोव्हेनाच्या एका रुग्णालयात कॉम्प्युटरचं काम बघायचा, पाळीची ड्यूटी. त्याला क्लबात खांबेट्यांनीच नेलं. तो त्यांना दादा म्हणायचा, सुनेत्राबाईंना वहिनी. खांबेटे डिसेंबरात पुण्याला गेले, की यांच्या तुळशीला पाणी घालायचं काम त्याचं. त्यासाठी घराची एक किल्ली कायमची त्याच्याकडे असे. खांबेट्यांनी आयुष्यात कोणाला किल्ली दिली असेल, तर ती या एका माणसाला. दिल्यावर तीन रात्री झोप लागली नव्हती, ही गोष्ट वेगळी. पण दिली होती. एवढा एक माणूस त्यांनी जोडला होता.

ते वर्ष २०१६. नवरात्रातल्या रविवारी टेरेन्सचे बारा बाण तयार झाले. कागदाला जवळजवळ सगळी भोकं गोल. फक्त दोन-तीन नॉक फिरवायची होती. खांबेट्यांनी घरी येऊन सगळीच काढली आणि बाण शेपट्या वर करून खोक्यात उभे ठेवले. सोमवारी ऑफिसातून आले, तर लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचं बोट. दर वर्षी खंडेनवमीला असायचं तसं. त्यांनी ते दर वर्षीसारखं टिश्यूने पुसलं. मंगळवारी, दसऱ्याला, नॉक बसवली. जरा घट्ट बसतायत असं वाटलं, पण इथल्या दमट हवेत सगळंच घट्ट बसतं.

पुढच्या रविवारी टेरेन्सने पहिला बाण मारला आणि कागद टराटर फाटला. दुसरा, तिसरा, तेच. चौथा उजवीकडे, पाचवा वर.

“श्री, धिस वन कान्ट, लाह,” टेरेन्स हळूच म्हणाला. “आय शूट पिग विथ धिस, पिग सफर.”

खांबेट्यांचं तोंड उतरलं. घरी येऊन त्यांनी बाण काट्यावर घातले. बाराही वाढलेले! कोणी थोडा, कोणी जास्त, पण एकही पूर्वीच्या वजनाला नाही. काट्याची तीनदा उलटतपासणी झाली. काटा निर्दोष.

म्हणजे कोणीतरी बाणांशी खेळलं होतं.

आता इथे दुसऱ्या कोणीही एक नॉक काढून आत डोकावून पाहिलं असतं. खांबेटे ऑडिटर. पुराव्याला हात लावायचा नसतो. त्यांनी बाराही बाण खोक्यात घातले, खोक्याला चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि पट्टीवर तारखेसह सही ठोकली. आणि त्यांचा दुसरा नियम असा, की चौकशी चालू असताना घरात बोलायचं नाही. सुनेत्राबाईंनी “कसे झाले बाण?” म्हणून विचारलं, तर “बघू” म्हणाले.

सोमवारी समोरच्या मिसेस लिम कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांना खांबेट्यांनी हवेपाण्यावरून सुरुवात करून, आडवळणाने, मागच्या आठवड्यात कोणी आलं होतं का, असं विचारलं.

“युअर फ्रेंड केम. दॅट टॉल वन,” मिसेस लिम म्हणाल्या. “युअर वाइफ नॉट इन. ही गॉट की, व्हॉट.”

खांबेट्यांना धक्का बसला. आणि खोटं कशाला बोला, धक्क्याच्या खाली कुठेतरी एक समाधानही होतं, की मला वाटलंच होतं. मग एकेक गोष्ट जुळायला लागली. अश्विन हल्ली स्वतः बाण बनवत होता. टेरेन्सने मागच्या महिन्यात त्याच्या पिसांची तारीफ केली होती. तेव्हा अश्विन जरा जास्तच लाजला होता. माणूस एवढा का लाजतो? संशयाचं असं असतं, एकदा चूल पेटली की घरातलं सगळंच लाकूड दिसायला लागतं.

त्या आठवड्यात त्यांनी बॉम्ब शेल्टरच्या दाराच्या फटीत दोरा अडकवून ठेवला. कोणी आलं तर तुटेल. दोरा तुटला नाही. म्हणजे अश्विन सावध झाला आहे, असं त्यांनी मानलं.

रविवारी क्लबात अश्विन नेहमीसारखा हसत आला. “दादा, काय झालं बाणांचं? टेरेन्स म्हणत होता काहीतरी...”

“ते तूच सांग,” खांबेटे म्हणाले. टेरेन्स शेजारीच उभा होता, आणखी चारसहा जण होते. “मी घरी नसताना माझ्या घरात कोण गेलं होतं? किल्ली कोणाकडे आहे?” आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून तेच इंग्रजीतही म्हणाले.

अश्विनने हातातला बाण खाली ठेवला. काहीतरी त्याच्या लक्षात आल्यासारखं दिसलं, आणि खांबेट्यांना वाटलं, पकडला.

“दादा, तुम्हाला खरंच असं वाटतं?”

“वाटण्याचा प्रश्न नाही. वजन वाढलंय.”

अश्विनने धनुष्य उतरवलं, पिशवीत घातलं, चेन ओढली. “बरं,” एवढंच म्हणाला आणि गेला. तो पुन्हा क्लबात आला नाही. खांबेट्यांनी टेरेन्सला नवीन डझन बनवून दिले आणि प्रकरण बंद केलं. बंद केल्यावर जे हलकं वाटायला हवं होतं, ते काही वाटलं नाही. रविवारी बसमध्ये शेजारची, अश्विनची, जागा रिकामी असायची आणि ते तिच्यावर पिशवी ठेवायचे.

डिसेंबर लागला. टेरेन्स खुशीत परत आला. एका बाणात काम झालं होतं. सरावाला ते जुने डझन देतोस का, म्हणून त्याने विचारलं. तेव्हा कुठे शनिवारी दुपारी खांबेट्यांनी सील तोडलं. पहिला बाण उचलला, आणि आत खुळखुळ वाजलं.

त्यांनी तो कानाशी हलवला. खुळखुळ. तेव्हा काही वाजलं नव्हतं, आता वाजत होतं. पकडीने नॉक ओढून काढलं. कांडीच्या तोंडाशी आतून लालसर खपली धरली होती, नॉक वाकडं बसावं एवढी. त्यांनी बाण टेबलावर उलटा आपटला.

तांदळाचे पिवळे दाणे पडले. ओले असताना आत चिकटलेले, आता वाळून सुटलेले.

“अय्या, अक्षता!” चहा घेऊन आलेल्या सुनेत्राबाई म्हणाल्या. “आत गेल्या होत्या होय? तरी म्हटलं मी.”

“कशाच्या अक्षता?”

“अहो, खंडेनवमीच्या! दर वर्षी मेला लॅपटॉपच पुजायचा. या वर्षी म्हटलं घरात खरीखुरी शस्त्रं आहेत. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला. बाहेरून मग पुसून ठेवले हो, तुम्हाला डाग चालत नाहीत म्हणून.” त्या जरा थांबल्या. “बाण सरळ जाऊ दे, आणि ज्याला लागेल त्याला फार दुखू नये, एवढंच मागितलं.”

खांबेटे दाण्यांकडे बघत होते. “मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं की! झेंडू अश्विनभावजींनी लिटल इंडियाच्या बाजारातून आणून दिला, हेही सांगितलं. मी खाली फळं आणायला गेले होते, म्हणून ते किल्लीने आत आले. मी वर आल्यावर त्यांनाच विचारलं, टोपणं काढलेली आहेत, कुंकू लावलं तर चालेल ना? ते म्हणाले, लावा वहिनी, काय होतंय. तुम्ही काट्यात डोळे घालून बसला होतात, ‘हं’ म्हणालात.”

चहा तसाच राहिला. खांबेट्यांनी दाणे कागदात गुंडाळले, खिशात घातले आणि पलीकडच्या ब्लॉककडे निघाले. त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटायची सवय नसल्यामुळे ती कुठे ठेवावी हेही समजत नव्हतं.

अश्विनने दार उघडलं, बसा म्हणाला. खांबेट्यांनी पुडी टेबलावर उघडली. अश्विनने पाहिली. त्याला मुळीच नवल वाटलं नाही.

“तुला माहीत होतं?”

“त्या दिवशी किल्लीचं बोललात, तेव्हा लक्षात आलं. वजन म्हणालात, तेव्हा खात्री झाली.”

“मग तिथेच का नाही बोललास? एका शब्दात मिटलं असतं!”

“कसं मिटलं असतं?” अश्विन शांतपणे म्हणाला. “तुम्ही घरी जाऊन वहिनींना समोर उभं केलं असतं. कोणी सांगितलं, किती टाकल्या, कधी टाकल्या. त्यांनी हौसेने पूजा केली होती. मला क्लब सोडता येतो. त्यांना घर सोडता येत नाही.”

‘मी तसं केलं नसतं’ हे वाक्य खांबेट्यांच्या ओठांपर्यंत आलं, पण तिथून पुढे येईना.

“माझं चुकलं, अश्विन,” ते शेवटी म्हणाले. “रविवारी चल क्लबात. सगळ्यांसमोर सांगतो.”

“सांगा ना. टेरेन्सला बरं वाटेल.” अश्विन उठला, आत गेला आणि परत आला. त्याने टेबलावर, त्या तांदळाशेजारी, खांबेट्यांच्या घराची किल्ली ठेवली. “ही घेऊन जा. माझ्याकडे नको आता.”

“अरे, असं काय करतोस...”

“राग नाही, खांबेटेसाहेब. पण उद्या तुमच्या घरात काही इकडचं तिकडे झालं, की मी इथे बसून वाट बघणार, आता माझं नाव कधी येतं याची. ते मला जमायचं नाही.” मग तो दार उघडून उभा राहिला. “वहिनींना नमस्कार सांगा.”

खांबेटे घरी आले. मिसेस लिम कॉरिडॉरमध्ये होत्या, हसल्या. त्यांनीही मान हलवली. आत सुनेत्राबाई पुण्याच्या बॅगा काढून पुसत होत्या.

“बरं झालं आलात,” त्या म्हणाल्या. “भेटले का भावजी? पुढच्या शनिवारी निघायचंय म्हणावं आपल्याला. तुळशीला या वेळी एक दिवसाआड घालायला सांगा. मागच्या वर्षी त्यांनी बिचाऱ्यांनी इतकं मनापासून घातलं, की खालची पानं पिवळी पडली होती.”

खांबेटे खिशातली किल्ली मुठीत धरून उभे होते. बायकोला काय सांगावं, हे त्यांना ठाऊक होतं. कुठून सुरुवात करावी, ते मात्र कळत नव्हतं.

“सुनेत्रा,” ते म्हणाले, “जरा बस. मला तुला काहीतरी सांगायचंय. विचारायचं नाहीये, सांगायचंय.”