करगोट्यातली जोडवी

आईच्या बोटात जोडवं रुतलं होतं आणि तिला ते कळलंच नव्हतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. परतूरच्या घरी ओसरीवर ऊन रेंगाळलं होतं. मी तिच्या भेगाळलेल्या पायांना खोबरेल चोळत होते, तेव्हा जोडव्याखालची ओली जखम दिसली.

"दुखत न्हाई गं," ती म्हणाली. मला त्याचीच भीती वाटली.

तिला मधुमेह होता. गोळ्या ती आठवल्या तर घ्यायची. जालन्याच्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली आणि बजावलं, "गोळी चुकवू नका, जोडवी काढा. नाहीतर बोट काढावं लागेल." गोळीला ती कबूल झाली. जोडव्यांचं नाव निघताच तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"कुकवाचा धनी समोर बसलाय अन् जोडवे काढू? बोट गेलं तर जाऊ द्या."

माझं डोकंच फिरलं. घरी आल्यावर बाबा तिच्या पायाशी बसले, साबणाचं पाणी लावून हळूहळू दोन्ही जोडवी सोडवली आणि आपल्या कमरेच्या करगोट्यात ओवली.

"माझ्याच नावाचे हायेत ना? मंग माझ्याजवळ ऱ्हातील. चालताना वाजले की समजायचं, मी आलो."

आई लाजली. त्या वयात! मला फार छान वाटलं.

मी तेव्हा औरंगाबादला जीवरसायनशास्त्र शिकत होते. ज्ञान नुसतं उतू चाललं होतं. तिला सांगितलं, "इन्सुलिन दार वाजवतं, पण तुझ्या पेशी ऐकत नाहीत, म्हणून साखर रक्तातच राहते. त्या साखरेने जंतू खाणाऱ्या पांढऱ्या पेशीही सुस्तावतात. त्यांच्या पोटात विकरं असतात, जंतू दळणाऱ्या बारीक जात्यांसारखी. ती मंद फिरतात. गोळीने पेशी पुन्हा ऐकू लागतात, साखर उतरते, मग जातीही फिरू लागतात."

"हाक मारली तरी ऐकत न्हाईत? म्हंजे तुझ्या बाबासारख्याच. त्यास्नी बी दे एक गोळी."

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर फुटलेला कापूस दूरवर पांढरा दिसायचा. डोळा लागायचा आणि वाटायचं, आईच्या बोटात एक पांढरी पेशी कूस बदलतेय, उठतेय, जात्याचा खुंटा धरतेय. प्रयोगशाळेत परक्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली असलं तरी मला तिचंच दिसायचं. सुट्टीत घरी गेले की मी आधी तिचं बोट बघायची. बाबांची किणकिण अंगणातून यायची आणि आई त्यांच्या तांब्याबरोबर स्वतःची गोळीही काढायची.

जखम भरायला कितीतरी महिने लागले. एके दिवशी तिथे कोवळी गुलाबी कातडी दिसली आणि मी ओसरीवर बसून रडले. डॉक्टरांनी जोडवी कायमची बंद केली. ती बाबांच्याच कमरेला राहिली.

बऱ्याच वर्षांनी बाबा गेले. जोडवी उतरवायला बायका आईजवळ आल्या. पाय आधीच मोकळे होते. बाबांना आंघोळ घालताना कुणीतरी करगोटा तोडायला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "ते त्यांच्याजवळचेच हायेत."

तिरडी उचलली तेव्हा किणकिण झाली. आई उठली आणि पायांच्या शाबूत दाही बोटांवर चालत दारापर्यंत गेली.