मेणाचे व्याही

मळ्यातली फुलं तोडून झाली, हार बाजारात गेले, की मखमलाबादच्या वत्सलाबाईंना रिकामं बसवत नसे. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यांनी मेणाच्या बाहुल्यांचा नाद धरला. शाडूची मूर्ती घडवायची, तिच्यावर रबराच्या पांढऱ्या चिकाचे थर चढवायचे, वाळले की मोजा काढावा तसे सोलायचे. झाला साचा! तो वाळूत उलटा रोवून त्यात वितळलेलं मेण ओतायचं.

पहिली शेळी निघाली ती कानांशिवाय. कान साच्यातच राहिले. बाई इतक्या हसल्या, की नवरा पुंजा तापल्या मेणाच्या वासानं नाक दाबतच धावत आला.

"काय जळालं गं?"

"जळालं नाय, शेळी व्याली!"

मग हात बसला. शेजारची शकुबाई आली नि म्हणाली, "माझी पण बाहुली कर, पण जरा बारीक." बाईंनी बारीक केली. शकुबाई ती कडेवर घेऊन गल्लीभर मिरवून आली.

पुढच्या मे महिन्यात लेकीचं, पल्लवीचं लग्न ठरलं, घोटीच्या ज्ञानेशशी. त्याचे वडील चिमाजी म्हणजे तांदळाचे व्यापारी, झुबकेदार मिशा, ताठ मान, हसणं ठाऊक नाही. सुपारीला एकदाच बघितलेले. पण बाईंच्या बोटांना राहवेना. वर-वधूच्या जोडीला त्यांनी व्याह्यांचाही पुतळा केला, मिशांसकट.

"अगं, लगीन मोडशील!" पुंजा कपाळाला हात लावून म्हणाला.

तिन्ही पुतळे मांडवातल्या टेबलावर झेंडूत उभे राहिले. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, ऊन टेबलावर, नेमकं व्याह्यांच्या पुतळ्यावर आलं. अन् मेणाचे चिमाजी हळूच वाकू लागले. आधी मान, मग कंबर. बघता बघता ते नव्या सुनेच्या पुतळ्यापुढं पार ओणवे झाले. मिशा झेंडूला टेकल्या.

पंगतीतले सगळे माना वळवून खऱ्या चिमाजींकडं बघू लागले. वत्सलाबाईंना भीतीपेक्षा हसूच जास्त आलं होतं. त्यांनी पदर तोंडात कोंबला.

खरे चिमाजी उठून टेबलापाशी आले. स्वतःला निरखलं.

"आजवर कुणापुढं वाकलो नाय मी," ते म्हणाले, "अन् विहीणबाई, तुमी नुसत्या उन्हात वाकवलंत!"

आणि ते हसले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. ज्ञानेशनं बापाला असं हसताना पहिल्यांदाच बघितलं. तोही हसत सुटला, पल्लवी मुंडावळ्या सावरत हसली, भटजींचा जिलेबीचा घास घशात अडकला.

चिमाजींनी तो ओणवा पुतळा ओल्या फडक्यात गुंडाळून घोटीला नेला आणि दुकानात गल्ल्याजवळ ठेवला. गिऱ्हाईक आलं की आपणहून सांगत, "हा मी. सुनेच्या पाया पडताना."