शिरेतली नळी

आमच्या गावच्या दवाखान्यातला मलमपट्टी करणारा ड्रेसर कोपरापर्यंत हात धुवायचा, जखमेत पू झालाय का म्हणून प्रत्येक पट्टी हुंगायचा आणि न धुता हात लावणाऱ्यावर खेकसायचा. वडिलांना पटकी झाली तेव्हा घोट्याच्या शिरेत सलाइनची नळी घातली होती. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "मास्तर, उलट्या थांबल्या, जागा लाल झालीया. नळी काढू द्या."

"राहू दे, ताकद येते," मी म्हटलं.

"ताकद बाटलीत न्हाय, भाकरीत असती!"

मी डॉक्टरांना सांगून नळी तशीच ठेवायला लावली. दुसऱ्या दिवशी वडिलांना हुडहुडी भरली, तेव्हा त्यानं कुणाला न विचारता नळी काढली. पण नळीच्या जागेचं विष रक्तात भिनलं होतं; वडील वाचले नाहीत. न विचारता नळी काढल्यानंच ते गेले, असा कागद करून डॉक्टरांनी सगळा दोष निर्लज्जपणे त्याच्यावर ढकलला आणि त्याला कामावरून काढलं. हट्ट माझा होता, तरी त्या खोट्या कागदावर मी साक्षीदार म्हणून सही केली.