कडा सोडायच्या नाहीत

बदलापूर गावात हरिचंद्रांचं घर विचारलं की लोक आधी हसतात आणि मग पत्ता सांगतात. रिक्षावाल्याने तेच केलं. "पिझ्झावाले काका ना? काल एका गिऱ्हाइकाच्या मागे पार स्टँडपर्यंत धावत आले होते. त्याने ताटात टाकलेल्या कडा कागदात बांधून त्याच्या हातात दिल्या, तेव्हा कुठे रिक्षा सोडली." मला हे अजिबात आवडलं नाही. ज्या घरात भाची द्यायची की नाही हे ठरवायला मी निघालो होतो, त्या घराच्या पत्त्यावर लोक हसतात, हे काही चांगलं लक्षण नव्हे.

मी किसन. राहायला अंबरनाथला, बुवापाड्यात. उल्हासनगरात पाच नंबर कॅम्पात एका सिंधी शेठच्या जीन्सच्या कारखान्यात तीस वर्षं कटिंग मास्तर होतो. शंभर पँटींचा कपडा एकावर एक रचायचा आणि एकदम कापायचा. हात चुकला तर शंभरच्या शंभर पँटी बाद. त्यामुळे कापायच्या आधी दहादा मोजायची सवय माझ्या हाताला लागली, आणि तिथून ती स्वभावात उतरली. शेठ म्हणायचा, "साईं, तू तो चाय भी नाप के पीता है."

माझी बहीण वृंदा शेजारच्याच गल्लीत राहते. तिची मुलगी स्वप्नाली आठ वर्षांची होती तेव्हा तिचे वडील गेले. तेव्हापासून ती पोर माझीच. तिच्या वह्यांना कव्हरं मी घातली, तिच्या कॉलेजच्या प्रवेशाला रांगेत मी उभा राहिलो. तिने लग्नासाठी मुलगा स्वतः शोधला, तेव्हा वृंदा एवढंच म्हणाली, "मामा हो म्हणाला तर होईल, नाही म्हणाला तर नाही." स्वप्नालीनेही मान डोलावली. आमची ही पोर शब्दाची पक्की आहे, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

मुलगा कल्पेश, हरिचंद्र आणि बनूबाईंचा एकुलता एक. आम्ही मूळचे कोकणातले, ते इथलेच आगरी. त्याचं मला काही नव्हतं. पण मुलगा सात वर्षं जहाजावरच्या स्वयंपाकघरात होता, तिथे नापोलीच्या एका म्हाताऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली पिझ्झा शिकला आणि घरी येऊन पडवीत हॉटेल काढून बसला. आई पीठ मळते, बाप भट्टी पेटवतो, मुलगा पिझ्झा भाजतो. दारावर पाटी, 'पिझ्झेरिया बनूबाई'. हे ऐकूनच मी कपाळावर हात मारला होता.

मी ठरवलं, न कळवता जायचं. नाव खोटं सांगायचं, गिऱ्हाईक म्हणून बसायचं आणि घर बघून यायचं. कळवून गेलं की माणसं पोह्यांबरोबर चांगला स्वभावही बाहेर काढून ठेवतात. फक्त वृंदाला आणि स्वप्नालीला सांगितलं. स्वप्नाली जरा चुळबुळली. म्हणाली, "मामा, तिथले काका जरा..."

"जरा काय?"

"काही नाही. बुधवारी दुपारी जा. गर्दी नसते."

आता एक गोष्ट सांगावीच लागेल, जी मी बारा वर्षं कुणालाही सांगितली नव्हती. माझे वरचे दात माझे नाहीत. कवळी आहे. बायको गेल्यानंतर बसवली, उल्हासनगरच्या दाताच्या डॉक्टरकडे गुपचूप जाऊन. वृंदालाही पत्ता लागू दिला नाही. मला चिक्की आवडत नाही, चकली पित्त करते, उसाने घसा धरतो, अशी कारणं मी इतकी वर्षं इतक्या सफाईने सांगितली की मलाच ती खरी वाटायला लागली होती. पेरू तेवढा मी खायचो, कारण स्वप्नाली तो बिया काढून, कुसकरून, दही घालून द्यायची. म्हणायची, मला असाच आवडतो, तुलाही केला.

तर बुधवारी दुपारी मी पांढरी पँट घालून, छत्री घेऊन पिझ्झेरिया बनूबाईत शिरलो.

पडवीत पाच टेबलं. कोपऱ्यात विटांची घुमटासारखी भट्टी, तिच्या तोंडावर हळदकुंकू आणि वर लिंबूमिरची. भट्टीपाशी सत्तरीचा एक माणूस, अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल, हातात पिझ्झा सरकवायचं लाकडाचं फाळकं. हेच हरिचंद्र. पूर्वी भाताची शेती आणि नदीकाठी विटांची भट्टी होती. भट्टी बंद झाली तेव्हा शेवटच्या खेपेच्या विटा त्यांनी कुणाला विकल्या नाहीत, परसात रचून ठेवल्या. मुलगा म्हणाला, पिझ्झ्याला भट्टी लागते, तर यांनी आतून कारखान्याच्या पक्क्या विटा लावल्या आणि बाहेरून आपल्या. बांधकाम स्वतःचं, गवंडी नाही. हे सगळं त्यांनी मला मी न विचारताच सांगितलं. मग नाव विचारलं.

"संतोष," मी म्हणालो. "कल्याणहून आलोय."

"बरा," म्हणाले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मी साधा पिझ्झा मागवला, टोमॅटो आणि चीजचा, आणि कामाला लागलो. घर स्वतःचं का? पाणी किती वाजता येतं? वर खोल्या किती? पिझ्झा खायला आलेला माणूस हे का विचारेल, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. मध्येच ते दोनदा आत जाऊन आले, पण सगळ्याची उत्तरं शांतपणे दिली. शेवटी स्वतःच म्हणाले, "मोरी पन बघून घ्या. नवी फरशी लावलीय." मी बघून आलो. मोरी चांगली होती.

इतक्यात पलीकडच्या टेबलावर प्रकार घडला. कात्रपच्या टॉवरमधलं वाटावं असं एक जोडपं होतं. बाईंनी मधला भाग खाल्ला आणि कडा ताटात ठेवल्या. हरिचंद्र तिथे जाऊन उभे राहिले.

"ताय, पिझ्झा बरा नव्हता?"

"छान होता काका."

"मंग ह्या कनाला ठेवल्या?"

"डाएट चालू आहे."

"डाएट मधल्या भागाची करावाची. चीज कोन पन टाकील. दोन दिस पीठ फुगतंय, बनूबाय पहाटे उठून त्याला बघते, लेकरासारखा. भट्टीन दीड मिनीट. त्या दीड मिनटान जा काय होतंय, ता ह्या कडेन होतंय. आनि तुमी तीच सोरली."

बाई लाल झाल्या. नवरा मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. हरिचंद्र हलले नाहीत. बाईंनी मुकाट्याने चारही कडा खाल्ल्या, तेव्हा ते म्हणाले, "आता कसा!" आणि भट्टीकडे गेले.

माझा निर्णय तिथेच झाला. नाही म्हणजे नाही. माझी स्वप्नाली पोह्यातले शेंगदाणे वेचून बाजूला ठेवते. या माणसाच्या नजरेखाली तिला तीस वर्षं जेवायचं? प्रत्येक घासाला पाठीशी उभा राहणारा सासरा? मनातल्या मनात मी कापडावर खडूने फुली मारली. आता पिझ्झा खायचा आणि उठायचं, एवढंच उरलं होतं.

पिझ्झा आला. कल्पेशने स्वतः आणला. त्याच्याकडे मी नीट बघितलंही नाही, पिझ्झ्याकडेच बघितलं. एक तर गोल नीट नव्हता. दुसरं, कडेवर काळे डाग.

"करपलाय," मी म्हणालो.

"नाही काका, तसेच असतात," तो हळू आवाजात म्हणाला. "डाग नसले तर भट्टी थंड होती असं समजायचं." नकार ठरला असला की माणूस उगाच वाद घालत नाही.

मधला भाग मात्र असा मऊ, ओलसर, की माझ्या दातांसाठीच केला असावा. सहा तुकड्यांचे मधले भाग मी बघता बघता संपवले. ताटात सहा कडा राहिल्या. पलीकडची बाई आठवली. आपण परगावचे संतोष, वाद नको, म्हणून मी एक कड उचलली आणि चावली.

कड खुसखुशीत असेल असं वाटलं होतं. ती वरून तशी होती, आतून चिवट. मी चावलं, ओढलं, आणि कड हातात आली ती माझी कवळी घेऊनच.

मी रुमाल तोंडाला लावला, खोकल्याचं सोंग केलं आणि कवळी जागेवर बसवली. आजूबाजूला बघितलं. कुणी बघितलं नव्हतं. हरिचंद्र भट्टीत लाकूड सरकवत होते, पाठमोरे. आता त्या कडा खाणं शक्य नव्हतं आणि टाकणंही शक्य नव्हतं. मी चार कडा रुमालात गुंडाळल्या आणि पँटच्या खिशात सारल्या. दोन ताटात ठेवल्या. सगळ्या गायब झाल्या तर संशय येतो, हा तीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव.

हरिचंद्र आले. ताटाकडे बघितलं.

"चार खाल्ल्या?"

"खाल्ल्या."

"बऱ्या होत्या?"

"उत्तम."

त्यांची नजर खाली गेली. माझ्या पांढऱ्या पँटवर, खिशाच्या खाली, टोमॅटोचा लाल डाग हळूहळू पसरत होता. तो त्यांना दिसला, त्यांना दिसल्याचं मला दिसलं. मी बोलणी खायच्या तयारीने ताठ बसलो. पण ते एक अक्षर बोलले नाहीत. तोंड उघडलं, मिटलं आणि तरातरा आत गेले. आतून बनूबाईंचा आवाज आला, "परत आलाव? बोलू नका सांगतंय ना!"

परत आले ते दोन वाट्या घेऊन. वाट्यांत कोंबडीचा लालभडक रस्सा, वाफा येत होत्या. एक वाटी माझ्यापुढे, एक स्वतःपुढे. समोरची खुर्ची ओढून बसले.

"संतोषभाव," म्हणाले, "खिशातल्या पन काढा."

मी काढल्या. दुसरं काय करणार? रुमाल टेबलावर उलगडताना माझे कान तापले होते. त्यांनी एक कड घेतली, बोटांनी बारीक तोडली आणि माझ्या वाटीत टाकली. मग दुसरी. लहान मुलाला दुधात पोळी कुस्करून द्यावी तशी. मग ताटातल्या दोन घेऊन स्वतःच्या वाटीत तोडल्या.

"मना पन चावत नाय," ते म्हणाले. "भट्टी मी बांदली, पीठ तिचा, हात पोराचा. आनि कड मनाच चावंना. पयल्या दिसापासून अशीच खातंय."

"मग लोकांवर कशाला ओरडता?"

"त्याना दात हायेत!"

एवढं बोलून त्यांनी भर पडवीत, कात्रपच्या जोडप्यादेखत, आपली कवळी काढली आणि पाण्याच्या स्टीलच्या ग्लासात टाकली. टणकन आवाज आला. भट्टीपाशी कल्पेशने डोळे मिटून घेतले. हरिचंद्र त्या बोळक्या तोंडाने मजेत रस्सा भुरकू लागले.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. "दिसलं का मघाशी?"

"नाय. तुमचे स्वप्नालीनं सांगला. दर रविवारी येते ती, दोन वर्सा झाली. ह्या रविवारी बोलली, काका, बुधवारी मामा येल. नाव खोटा सांगल. कडा ठेवल. त्याला कायपन बोलू नका, त्याला वरचे दात नाय आनि त्याची लाज वाटते. आमाला बी दाखवत नाय, आमी बी म्हाईत नसल्यासारख्या करतो." त्यांनी सुस्कारा टाकला. "तीन खेपा आत जाऊन आलो मी, बोलाचा नाय म्हनून. तुमी लय तरास दिला."

बारा वर्षं. कुसकरलेला पेरू मला आठवला. दिवाळीच्या फराळात माझ्या ताटलीत चकलीऐवजी नेहमी दोन करंज्या जास्त असायच्या, तेही आठवलं. मला वाटत होतं की मी सगळ्यांना फसवतोय, आणि ती पोर मला सांभाळत होती. मला भरून आलं. रस्सा तिखट आहे असं मी मोठ्याने म्हणालो आणि डोळे पुसले. रस्सा तिखट होताच, पण इतका नव्हता.

आणि हा माणूस! ताटात कड राहिली तर रिक्षा अडवणारा हा माणूस स्वप्नालीच्या एका शब्दाखातर तीनदा तोंड दाबून आत गेला होता. पाठीशी उभा राहणारा सासरा म्हणून मी ज्याच्यावर फुली मारली, तो माझ्यासमोर बसून माझ्यासाठी कड बारीक करत होता.

मी त्या जोडप्याकडे एकदा बघितलं. बाई बघतच होत्या. बघू देत, म्हटलं. मी कवळी काढली आणि माझ्या ग्लासात टाकली. बारा वर्षांत माझं हे तोंड कुणी बघितलं नव्हतं. हरिचंद्रांनी बघितलं आणि म्हणाले, "आता कसा!"

सहाच्या सहा कडा आम्ही दोघांनी संपवल्या. बनूबाईंनी आतून अजून दोन पाठवल्या. रस्शात भिजली की ती कड काय लागते, हे दातवाल्यांना कधी कळायचं नाही.

हात धुवायच्या आधीच वृंदाचा फोन आला. ती बिचारी दुपारपासून फोन हातात घेऊन बसली असणार.

"काय रे दादा? मुलगा कसा आहे?"

"मुलगा बघायचा राहिला," मी म्हणालो. "परत येईन तेव्हा बघतो. तू तारीख बघायला घे."

पलीकडे स्वप्नालीचा ओरडण्याचा आवाज आला, कुणीतरी भांडं पाडलं, आणि वृंदा संशयाने म्हणाली, "दादा, तू असा काय बोलतोयस? तोंडात काय आहे?"

"काही नाही," मी म्हणालो. "कवळी ग्लासात आहे."